तेहतीस आणि सात

“बसा ना, उभे का?” सर म्हणाले, आणि पट्टीकाका दारातच थबकले.

सव्वीस वर्षांत सरांनी त्यांना कधी बसायला सांगितलं नव्हतं. काका दारात उभे राहायचे, सर मान वर न करता काम सांगायचे, काका मान हलवून परत फिरायचे. सगळं दोन मिनिटांत उरकायचं. आज मात्र खुर्ची पुढे ओढलेली होती, चहा आलेला होता आणि कपाखाली बशीसुद्धा होती. एवढा मान मिळाला की माणसाने सावध व्हावं, हे काकांना या वयात कळायला हवं होतं. पण ते बसले आणि चहाही प्यायले, कारण सांगितलेलं करायची त्यांची सवय जुनी होती.

सरांनी एक कागद पुढे सरकवला. “वाचा. घाई नाही.”

कागदावर संस्थेचा शिक्का होता. मजकूर चार ओळींचा. शीतगृहातल्या कामगारांच्या सुरक्षायंत्रांसाठी वापरलेल्या चाळीस कोडची संपूर्ण रचना आणि तपासणी संस्थेतल्या खालील कर्मचाऱ्याने स्वतंत्रपणे केली आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली काकांचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत. आपलं नाव इतक्या ऐटीत छापलेलं त्यांनी आजवर फक्त विजेच्या बिलावर पाहिलं होतं.

“उद्या चौकशी समितीपुढे तुम्हालाही बोलावलंय,” सर म्हणाले. “त्याआधी एवढी सही करून टाका, म्हणजे सगळ्यांचं बोलणं एक राहील.”

“पण सर, ते सात...”

“सात काय नि तेहतीस काय. प्रयोगशाळा एकच आहे ना, काका? संचालक म्हणून मी जबाबदारी घेतोच आहे. पण कामाला हात कुणाचे लागले हे लिहायला नको?” सरांनी चष्मा काढून पुसला. “आणि खरं सांगू? तुमचं नाव यावं असं तुम्हाला किती वर्षं वाटत होतं, ते काय मला ठाऊक नव्हतं?”

हे सर अगदी मायेने बोलले. काकांना ते कानफटात मारल्यासारखं लागलं. पण कानफटात बसल्यावर माणूस निदान गालाला हात तरी लावतो. काकांनी कागदाची नीट घडी घातली, “घरी वाचतो” म्हणाले आणि उठले.

काकांचं काम लोकांना सांगायला सोपं नव्हतं. बायकोच्या माहेरी कुणी विचारलं की ती “रेडिओचं काहीतरी” म्हणून विषय बदलायची. खरं तर गोष्ट एवढीच होती. एका खोलीत चाळीस माणसं एकदम बोलायला लागली तर कुणाचंच काही कळत नाही. बिनतारी यंत्रांचंही तसंच, सगळी एकाच लहरीवर बोलतात. म्हणून प्रत्येक यंत्राला त्याची एक खूण द्यायची. तिलाच कोड म्हणायचं. कोड म्हणजे एकेका घरात अधिक किंवा उणे अशी एक ओळ, पुन्हा पुन्हा फिरणारी. ऐकणाऱ्याकडे ती ओळ असली की चाळीस आवाजांतून नेमका तेवढा एक वेगळा काढता येतो. पण त्यासाठी ओळी अशा हव्यात की कुठलीही एक दुसरीवर कशीही ठेवा, जुळता कामा नये. सरळ ठेवून तर नाहीच, पण एक घर सरकवून, दोन घरं सरकवून, सतरा घरं सरकवूनसुद्धा नाही. यंत्रांची घड्याळं कधी मागेपुढे होतील याचा भरवसा नसतो.

असे कोड पुस्तकात मिळतात, पण ठरावीक लांबीचे. यंत्र बनवणाऱ्यांना हवे होते अठ्ठेचाळीस घरांचे, आणि त्या मापाचे कुठेच नव्हते. काकांनी चौकटीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. अधिकाला काळं घर, उण्याला पांढरं. मग एकीवर दुसरी ठेवून सरकवत बसले. संगणक होता, पण काय शोधायचं ते त्याला सांगण्याआधी आपल्याला दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षं त्यांच्या खिशांतून, डब्याच्या पिशवीतून, उशीखालून पट्ट्या निघत होत्या. पट्टीकाका हे नाव त्यातूनच पडलं. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तेहतीस कोड हाती आले. चौतिसावा घातला की तो कुणाशी तरी जुळायचाच. काकांनी महिनाभर डोकं आपटलं आणि सरांना जाऊन सांगितलं, “तेहतीसच. यापुढे जागा नाही.”

ते तेहतीस आज सरांच्या आडनावाने ओळखले जातात. त्यांच्यावर छापून आलेल्या संशोधनाच्या पेपरवर सरांचं नाव, परदेशातून आलेली ढाल सरांच्या कपाटात, आणि पेपरच्या अगदी शेवटच्या ओळीत ‘पट्ट्या कापणे व इतर मदतीबद्दल’ काकांचे आभार. “डिप्लोमावाल्याचं नाव घातलं तर तपासणारे पेपर नीट वाचत नाहीत, पुढच्या वेळी बघू,” असं सर म्हणाले होते. पुढची वेळ काही आली नाही, कारण त्यानंतर सरांनी जेवढे पेपर लिहिले ते सगळे त्याच तेहतिसांवर. काका मूग गिळून बसले. रेडिओ दुरुस्तीचा कारखाना बंद पडला तेव्हा सरांनीच बोलावून नोकरी दिली होती. त्या उपकाराचं ओझं काकांनी इमानाने वाहिलं, आणि ते आता उतरवा असं सरांनी कधी म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी शीतगृहवाले आले. उणे पंचवीसमध्ये काम करणारे चाळीस कामगार, प्रत्येकाच्या कमरेला एक यंत्र. माणूस हलतोय की नाही हे यंत्र सतत सांगणार, आणि दोन मिनिटं हलला नाही की बाहेरच्या फलकावर घंटा वाजणार. “तुमच्याकडे कोड किती आहेत?” त्यांनी विचारलं. सर म्हणाले, “किती हवेत?”

त्या आठवड्यात बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून काका रजेवर होते. परत आले तेव्हा यादी चाळीसची झाली होती. त्यांनी नव्या सातांच्या पट्ट्या करून बघितल्या आणि दुपारी जेवायचं विसरले. नवे नव्हतेच ते. सरांनी जुन्यांतलेच सात उचलून अकरा-अकरा घरं फिरवून ठेवले होते. सरळ ठेवून बघितलं तर अगदी निराळे दिसत, संगणकानेही उत्तम असा शेरा दिला होता. पण अकरा घरं सरकवली की छत्तीस नंबर म्हणजे हुबेहूब नऊ नंबर. ही चूक नवशिके पहिल्या आठवड्यात करतात आणि हसून सोडून देतात. सरांनी आपल्या नावाचे कोड स्वतःच्या हातांनी कधी सरकवून बघितलेच नव्हते, म्हणून त्यांच्या हातून ती झाली.

“सर, हे सरकले तर...” काका दारातूनच म्हणाले होते.

“सरकतील कशाला? फलक दर सेकंदाला सगळ्यांची घड्याळं जुळवतो. फार घाबरता तुम्ही. तपासणीच्या कागदावर सही करा, माल उद्या जायचाय.”

आणि काकांनी सही केली. ‘चाळीसही कोड तपासले, योग्य आहेत.’ पेनसुद्धा सरांचंच होतं.

पुढे दीड वर्ष काही झालं नाही, आणि काही होत नाही असं दिसलं की माणूस विसरायला शिकतो. मग एका सकाळी व्हायचं ते झालं. थंडीत बॅटऱ्या दम टाकतात. नऊ नंबरवाल्याचं यंत्र क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि लोखंडी मांडण्यांच्या गल्लीत फलकाचा इशारा पोचेना, म्हणून त्याचं घड्याळ अकरा घरांनी मागेच राहिलं. त्याच सुमाराला पलीकडच्या गल्लीत छत्तीस नंबरवाला मांडणीवरून घसरून पडला. यंत्र अंगाखाली दबलं, त्याचा आवाज क्षीण झाला. फलकाने नऊ नंबरची चाल ऐकली आणि छत्तीस नंबर चालतोय असं दाखवलं. नऊचा दिवा विझलेला पाहून फलकापुढच्या माणसाला वाटलं, गेला असेल चहाला. पन्नास मिनिटं छत्तीस नंबर फलकावर हिंडत होता, आणि तो माणूस बर्फावर पडून होता.

तो वाचला. दोन्ही हातांची मिळून आठ बोटं गेली.

घरी बायको उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होती. तिने कागद मागितला, चांगल्या डोळ्याजवळ धरून वाचला आणि परत दिला.

“सही केली तर काय?”

“निवृत्तीपर्यंतचे दहा महिने निवांत जातील. पेन्शनला धक्का लागू देणार नाही म्हणतात.”

“आणि नाही केली तर?”

“ते बोलले नाहीत.”

“मग करा की.” तिने कॉलर उलटी केली. “आजवर त्या माणसाला कधी नाही म्हणालात? मला म्हणालात. मुलीला म्हणालात. ती बिचारी एवढंच म्हणाली होती, बाबा, एकदा विचारा ना, तुमचं नाव का नाही. तिच्यावर केवढे ओरडलात. त्याच्यापुढे तुमची जीभ कधी रेटली नाही.”

“ते सात माझे नाहीत,” काका म्हणाले.

“ठाऊक आहे मला.”

“तेहतीस माझे आहेत. एकेक घर माझं आहे. निदान उद्या एवढं तरी सांगणार आहे मी. सव्वीस वर्षांत एकदा.”

“सांगा ना. मी कुठे अडवतेय?” तिने इस्त्री उभी करून ठेवली. “पण सही कुणाची आहे, हे विचारलं तर? एका माणसाची बोटं गेली, आणि तुम्ही तिथे तेहतीस कुणाचे नि सात कुणाचे याच्या वाटण्या करत बसणार?”

उत्तरासाठी ती थांबली नाही. तिने शर्ट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि इस्त्रीची वायर गुंडाळत आत गेली. तिने आपल्याला बोलून घ्यावं, आणखी बोलून घ्यावं, असं काकांना वाटत राहिलं.

समितीची खोली लांबट होती, पंखा नुसता आवाज करणारा. अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या, प्रश्न विचारून झाला की त्या पेन खाली ठेवत. त्यांच्या उजव्या हाताला दोन सदस्य, कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी आणि भिंतीला लागून सर, पायावर पाय टाकून.

काकांनी घडीचा कागद टेबलावर ठेवला. “यावर मी सही करणार नाही,” ते म्हणाले.

हे म्हणायला किती कष्ट पडतील याचा त्यांनी रात्रभर धसका घेतला होता. प्रत्यक्षात पाच शब्द निघून गेले आणि काहीच कोसळलं नाही. इतकं सोपं होतं तर सव्वीस वर्षं कशात गेली, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

मग त्यांनी खिशातून दोन पट्ट्या काढल्या. “ही नऊ नंबरची. ही छत्तीसची. आता सरळ ठेवतो. बघा, जुळत नाहीत. आता सरकवतो.” त्यांनी मोजत मोजत अकरा घरं सरकवली. पुढे उरलेला तुकडा कात्रीने कापून मागे लावला, कारण कोड फिरत असतो. काळ्यावर काळं बसलं, पांढऱ्यावर पांढरं. शेवटपर्यंत.

अध्यक्षबाई खुर्चीतून उठून वाकल्या. “ही तर एकच ओळ आहे.”

“हो. असे सात आहेत. ते मी केलेले नाहीत. मी रजेवर होतो. ते सरांनी केले.”

“मी केले असं कसं म्हणता, काका?” सरांचा आवाज दुखावल्यासारखा होता. “प्रयोगशाळेत झाले. कर्मचाऱ्यांनी मिळून केले. मी नुसती देखरेख करत होतो. मला वाटतं यांच्यावर फार ताण आलाय.”

“संचालकांनी स्वतः केले, याचा काही लेखी पुरावा?” बाईंनी काकांना विचारलं.

“नाही.”

“तुम्ही त्यांना धोका सांगितलात, त्याचा?”

“तोंडी सांगितलं होतं. दारातून.”

“आणि उरलेले तेहतीस?”

“ते माझे,” काका म्हणाले. ते वाक्य त्यांनी नीट उच्चारलं. “ते सगळे माझे आहेत. तीन वर्षं लागली. त्यात चूक नाही, कुणीही कसंही सरकवून बघा.”

बाईंनी समोरच्या फायलीतून छापील पेपर काढला, पानं उलटली. “इथे तर लेखक म्हणून एकटे संचालक आहेत. तुमचं नाव... हां, शेवटी आहे.” त्यांनी डोळे बारीक केले. “पट्ट्या कापणे व इतर मदतीबद्दल.”

एका सदस्याला खोकला आला. तो खोकला नव्हता हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

अध्यक्षबाईंना हसू आलं नाही, एवढं काकांनी पुढे आयुष्यभर त्यांच्याबद्दल चांगलं मानलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, मला कागदांवरून चालावं लागतं. कागदांवरून तेहतीस संचालकांचे आहेत. ते सात कुणाचे, हे ठरत नाही. तुमची म्हणून या सगळ्यात एकच गोष्ट आहे.” त्यांनी तपासणीचा कागद वळवून त्यांच्यापुढे धरला. “ही सही.”

काकांनी सहीकडे बघितलं. शेवटचं अक्षर जरा लांब ओढलेलं, आपण फार कामात असल्यासारखं. भिंतीशी सर नखं बघत होते. त्यांचा चेहरा शांत होता, आणि तो शांत का आहे हे काकांना स्पष्ट दिसलं. काका काय म्हणतील हे सरांनी गृहीत धरलं होतं. ताण होता, माल जायचा होता, सरांनी सांगितलं, मला कळलं नाही. ‘मला कळलं नाही’ म्हटलं की सगळं आटोपत होतं. पट्ट्या कापणाऱ्याला काय कळणार, असं म्हणून समितीनेही सोडून दिलं असतं. पेन्शन वाचली असती, सर वाचले असते. फक्त मग ते तेहतीससुद्धा कुठल्या तोंडाने माझे म्हणायचे?

“सही माझी आहे,” काका म्हणाले. “आणि ती करताना मला माहीत होतं.”

सरांनी मान वर केली.

“काय माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

“सरकले तर जुळतील. नऊ आणि छत्तीस. बाकीचेही. सगळं माहीत होतं.”

टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली. “हे पण लिहायचं?” तिने बाईंना विचारलं.

“लिहा,” काकाच म्हणाले.

निवेदन छापून आलं तेव्हा त्यावर त्यांचं नाव पुन्हा ठळक अक्षरांत होतं. त्यांनी सही केली, या वेळी स्वतःच्या पेनाने. मोकळं वाटेल अशी आशा होती. तसं काही वाटलं नाही. सर त्यांच्या शेजारून दाराकडे निघाले. काकांनी सवयीने त्यांच्यासाठी दार धरलं आणि मग स्वतःचाच राग येऊन सोडून दिलं.

बाहेरच्या बाकावर एक तिशीचा माणूस बसला होता. भर उन्हाळ्यात अंगात जाडजूड जाकीट, दोन्ही हात पांढऱ्या बँडेजमध्ये, मांडीवर उताणे ठेवलेले. काकांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखायला वेळ लागला नाही. पुढे निघून जाता आलं असतं. ते थांबले.

“आत तुमचं झालं का?” त्याने विचारलं. “मला सकाळीच विचारून झालं. तुम्ही त्या यंत्रवाल्यांपैकी का?”

“हो.”

“माझा नंबर कुणी बनवला, ते तुम्हाला माहीत असेल मग. मी आत विचारलं तर कुणी सांगेना.”

काकांच्या मनात सगळी हकीकत तयार होती. तेहतीस, सात, रजा, डोळ्याचं ऑपरेशन, अकरा घरं. त्या हातांपुढे तिचा एक शब्दही उच्चारावा असा राहिला नाही.

“माझी सही होती त्यावर,” ते म्हणाले.

माणसाने त्यांना पायापासून वर निरखून बघितलं. “मला वाटलं, कुणी मोठा साहेब असेल.” मग म्हणाला, “चुकून झालं ना पण?”

“नाही. मला माहीत होतं.”

त्याने शिवी दिली नाही. तो व्हरांड्यापलीकडच्या रणरणत्या उन्हाकडे बघत राहिला. काका तसेच उभे होते. कुणी जा म्हणेपर्यंत जायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

“मला गार वाजतं,” अखेर तो म्हणाला. “तेव्हापासून सारखंच वाजतं. बायको गाडी बघायला गेलीय, यायला वेळ लागेल. हे जरा वर ओढा.”

जाकिटाची चेन पोटावर अडकली होती. काका त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. चेनीने आतलं अस्तर धरून ठेवलं होतं, ते त्यांनी हळूहळू सोडवलं आणि चेन वर नेऊ लागले. गळ्याशी आल्यावर त्याने हनुवटी उचलली आणि डोळे मिटून घेतले. चेन कातडीला लागू नये म्हणून काकांनी मध्ये आपलं बोट धरलं.